गोळी दवाखान्यात मिळते, सेवा घरातच करावी लागते

हळद शिजवण्याचे दिवस होते. कयाधू नदीच्या काठच्या एका गावात शिजवलेली हळद ताडपत्रीवर पसरली होती आणि तिशीच्या आतला एक तरुण ती दाताळ्याने खालीवर करत होता. पाहुणा आला म्हणून त्याने राम राम केला, पाण्याचा तांब्या आणून दिला आणि पुन्हा कामाला लागला. यात सांगण्यासारखे काय, असे कोणी म्हणेल. सांगण्यासारखे हे की, याच तरुणाला सहा वर्षांपूर्वी याच घरच्या गोठ्यात बैलाच्या साखळीने बांधून ठेवले होते. एक-दोन दिवस नव्हे, अकरा महिने. उजव्या घोट्याभोवती काळा वण अजून आहे.

कुटुंबाचे नाव आणि गाव इथे देत नाही. घरात धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे आहे, आणि 'त्यांच्या घरात वेड आहे' एवढे एक वाक्य सोयरीक मोडायला आपल्याकडे पुरेसे असते. पण गोष्ट सांगायला माउलीची ना नाही. "सांगा भाऊ, दुसऱ्या कुनाच्या लेकराला तरी साखळी लागू नये," असे तीच म्हणाली.

मुलगा कॉलेजला हिंगोलीला जात होता. एकोणिसाव्या वर्षी बोलणे कमी झाले. मग झोप गेली. "रातभर जागंच राह्यचं. भिताडाकडं बघून बोलायचं. जेवाय वाढलं की म्हनायचं, माय, यात तू काय कालवलं? पोटच्या पोरानं आसं इचारल्यावर आईचं काय व्हतं, तुम्हीच सांगा." लोक म्हणाले, बाहेरचे आहे. मग अंगारे, गंडेदोरे, कोंबडे, अमावस्या-पौर्णिमेच्या वाऱ्या सुरू झाल्या. एक म्हैस विकली, मग अर्धा एकर गहाण पडले. एके दिवशी पोराने शेजाऱ्याच्या अंगावर दगड उचलला आणि त्या रात्री बापाने बैलाची साखळी काढली. बाप दुष्ट नव्हता. पोरगा विहिरीकडे पळतो, कोणाला मारतो, कोणी त्याला मारते, या भीतीने थकलेल्या माणसाने हाताशी जे होते ते वापरले. आपल्या जिल्ह्यात आणि जिल्ह्याबाहेरही अशा साखळ्या बहुतेक अशाच भीतीपोटी पडतात.

आशाताईने घराची पायरी चढून हट्ट धरला, म्हणून तो सरकारी दवाखान्यात पोचला. डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या. महिन्या-दीड महिन्यात त्याला झोप लागू लागली, कानातले आवाज कमी झाले, आईच्या हातचे जेवण तो खाऊ लागला. साखळी सुटली. खरी गोष्ट मात्र इथून पुढे आहे. पोरगा बरा झाला म्हणून चौथ्या महिन्यात घरच्यांनी गोळ्या बंद केल्या आणि पुढच्या दोन महिन्यांत सगळे पहिल्यासारखे झाले.

"बरं झाल्यावर कोन गोळी खातं भाऊ? ताप उतरल्यावर आपुन खातो का?" आईचा हा प्रश्न साधा आहे, आणि त्याचे उत्तर तिला पहिल्या खेपेला कोणीच नीट दिले नव्हते. दुसऱ्या खेपेला ते एका सिस्टरने दिले.

भिंतीवरच्या रेघा

त्या घराच्या आतल्या खोलीत, धान्याच्या कोठीशेजारी, भिंतीवर कोळशाच्या रेघा आहेत. आईला लिहिता-वाचता येत नाही. रात्री गोळी पोटात गेली की ती एक रेघ मारते. महिना भरला की आडवी रेघ. दिवाळीला भिंत सारवली की पुन्हा पहिल्यापासून. दवाखान्यात जाताना रिकामी पाकिटे सोबत नेते. रेघा आणि पाकिटे जुळली तर ठीक, नाहीतर कुठे चुकले ते शोधायचे. ही युक्ती सिस्टरची.

या सिस्टर आता निवृत्त आहेत. मनोरुग्णांच्या वॉर्डात त्यांची नोकरीची बरीच वर्षे गेली. त्या म्हणाल्या, "लोकांना वाटतं, सिस्टर म्हणजे सुई टोचणारी. आमच्या कामात सुई थोडी आणि बसणं जास्त. पेशंटजवळ बसायचं. तो बोलला तर ऐकायचं, नाही बोलला तरी बसायचं. डॉक्टर पाच-दहा मिनिटं बघतात. बाकीचे तेवीस तास कुणीतरी बघावंच लागतं. दवाखान्यात ते आम्ही बघतो, घरी आई बघते. मग आईलाच थोडी सिस्टर केल्याशिवाय भागत नाही."

या साध्या बोलण्यात मानसोपचार परिचर्येचा पाया आला. अमेरिकेतील परिचारिका हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी १९५२ साली पुस्तक लिहून हेच मांडले होते की, परिचारिका आणि रुग्ण यांच्यातले नाते हाच उपचाराचा एक भाग असतो. ते पुस्तक जगभरच्या नर्सिंग शाळांत पोचले. आपल्या देशातही जनरल नर्सिंग आणि बीएस्सी नर्सिंग या दोन्ही अभ्यासक्रमांत मानसोपचार परिचर्या हा विषय आहे. प्रश्न एवढाच की, ते शिक्षण वॉर्डाच्या दारातून बाहेर पडून गावापर्यंत कसे जायचे.

जालन्याचा दवाखाना गेला तो गेलाच

गावापर्यंत का जायचे, हे समजायला मराठवाड्याचा जरा मागचा इतिहास पाहावा लागतो. निजामाच्या राज्यात मनोरुग्णालय होते ते आपल्या जालन्यात. १९५३ साली ते हैदराबादजवळ एर्रागड्ड्याला हलवले. तीन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, मराठवाडा मुंबई राज्यात आला. माणसे इकडे आली आणि दवाखाना तिकडे राहिला.

पुढे महाराष्ट्रात मोठी प्रादेशिक मनोरुग्णालये चार. पुण्याला येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. त्यांच्या मंजूर खाटा वर्षानुवर्षे अनुक्रमे २५४०, १८५०, ९४० आणि ३६५ अशा सांगितल्या गेल्या. या यादीत मराठवाड्याचे नाव नाही. वैद्यकीय महाविद्यालयांचे मानसोपचार विभाग आले, त्याने थोडा आधार झाला. पण 'येरवड्याला न्यावे लागेल' हे वाक्य आपल्याकडे शिवीसारखे रुळले, ते उगीच नाही. हिंगोलीहून येरवडा म्हणजे एक रात्र, एक दिवस आणि घरचे एक माणूस कामातून गेलेले. वारंवार नेणे परवडत नाही म्हणून एकदा नेऊन सोडलेले लोकही आहेत, ज्यांच्या घरी परत पत्र गेले तर पत्ता सापडत नाही.

१ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. जालन्याला ३६५ खाटांचे प्रादेशिक मनोरुग्णालय उभारण्याचा निर्णयही सरकारने घेतला. या चांगल्या गोष्टी आहेत. पण इमारत जालन्याला झाली काय किंवा दारात झाली काय, रुग्णाला रोजची गोळी, रोजचे जेवण आणि रोजचा शब्द घरातच मिळायचा आहे.

हे देशाने मान्य केले त्यालाही आता चाळीस वर्षे होऊन गेली. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि कर्मचारी शिकवून तयार केले तर मनोरुग्णांवर जिल्ह्यातच उपचार होतात, हे दिसले. त्या अनुभवावरून १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग त्याच कार्यक्रमाचा. त्याच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि मानसोपचार परिचारिका असावी असे ठरलेले आहे.

आजार किती, ओळखायचा कसा

२०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले. ते बारा राज्यांत झाले, महाराष्ट्र त्यात नव्हता. तरी अंदाज येतो. शंभर प्रौढांत दहा-अकरा जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. तीव्र मनोविकार, ज्याला आपण सरळ 'वेड' म्हणून मोकळे होतो, तो हजारात आठ जणांना. म्हणजे हजारभर प्रौढांचे गाव धरले तर सात-आठ घरांत ही गोष्ट आहे. उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या आजारांत सत्तर टक्क्यांच्या पुढेच.

गावातल्या माणसाला आजारांची मोठी नावे पाठ करायची गरज नाही. खुणा कळल्या तरी पुरे. झोप उडणे ही पहिली खूण. मग कामातून मन उडणे, अंघोळ-कपड्यांकडे दुर्लक्ष, एकट्याने बोलणे-हसणे, लोक आपल्याविरुद्ध कट करतात असे वाटणे, कोणी नसताना आवाज ऐकू येणे. हे छिन्नमनस्कतेकडे, म्हणजे स्किझोफ्रेनियाकडे, बोट दाखवते. कधी उलटे दिसते. माणूस चार-चार दिवस झोपत नाही, तरी थकत नाही. पैसे उधळतो, मोठमोठ्या गोष्टी बोलतो. काही महिन्यांनी तोच खाटेला चिकटतो. हा दोन टोकांचा, म्हणजे उन्मादाचा आणि नैराश्याचा आजार. आणि सगळ्यात जास्त, सगळ्यात गप्प, ते साधे नैराश्य. "कशातच चव न्हाई," "डोकं जड हाय," "इचार थांबत न्हाईत," असे बोलणाऱ्याला आपण सलाइन लावून आणतो. सलाइन लागते ते शिरेला. दुखणे असते मनाचे.

बाळंतिणीचे वेगळे सांगायला हवे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत-आठवड्यांत बाई एकाएकी असंबद्ध बोलू लागली, झोपेनाशी झाली, लेकराला ओळखेना, तर त्याला बाळंतवात किंवा बाधा म्हणून वाट पाहू नये. आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. उपचाराने ती बरी होते.

गोळीचे गणित

सिस्टरने त्या आईला गोळीचे गणित असे सांगितले: "मावशी, ताप हा पाहुणा असतो, आला नि गेला. हा आजार साखरेच्या आजारासारखा आहे. साखर ताब्यात आहे ती गोळीमुळं. गोळी थांबवली की साखर चढते. तसंच हे."

गोळीचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागू शकतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून दवाखाना बदलणारे बरेच असतात. बरे वाटल्यावरही पहिल्या आजारात साधारण वर्ष-दोन वर्षे आणि आजार उलटून आला असेल तर त्याहून जास्त काळ गोळी चालू ठेवावी लागते. किती, ते डॉक्टर ठरवतात. कमी करायची तर हळूहळू आणि त्यांच्या सांगण्यावरूनच.

गोळीचा त्रासही होतो, तो लपवून उपयोग नाही. अंग ताठणे, हात कापणे, तोंडातून लाळ गळणे, एका जागी बसवेनासे होणे, वजन वाढणे, सुस्ती. हे दिसले की लोक म्हणतात, गोळ्यांनी पोरगं अजूनच बिघडलं. आणि गोळी उकिरड्यावर जाते. या बहुतेक त्रासांवर उपाय आहे. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते, जोडीला दुसरी गोळी देता येते. त्यासाठी डॉक्टरला सांगावे मात्र लागते. गोळी गालात धरून नंतर थुंकणारे रुग्णही असतात. म्हणून समोर बसवून, पाणी पाजून, दोन शब्द बोलायला लावून मग उठायचे. जो रोजच्या गोळीला तयारच नाही त्याच्यासाठी काही आठवड्यांनी एकदा घ्यायचे इंजेक्शनही मिळते.

आपल्या भागासाठी एक सूचना फार महत्त्वाची. दोन टोकांच्या आजारात लिथियम नावाची गोळी देतात. ती घेणाऱ्याच्या रक्तातले प्रमाण अधूनमधून तपासावे लागते. एप्रिल-मेच्या उन्हात शेतात राबताना घाम गेला, पाणी कमी पडले किंवा जुलाब-उलट्या झाल्या तर तेच औषध अंगावर उलटू शकते. हात जास्त कापू लागले, उलट्या होऊ लागल्या, चालताना तोल जाऊ लागला तर उशीर न करता दवाखान्यात न्यावे. पाणी भरपूर प्यावे, जेवणातले मीठ एकाएकी सोडू नये. आणि कोणतीही मानसोपचाराची गोळी चालू असताना दारूला हात लावू नये.

बोलायचे कसे

गोळीइतकेच महत्त्व बोलण्याला आहे. 'माय, तू जेवणात काय कालवलं' असे पोरगा म्हणतो तेव्हा काय करायचे? बाप म्हणायचा, "येड्या, तुझी माय इष घालंल का?" त्यावर पोरगा भडकायचा. सिस्टरने सांगितले, भांडू नका आणि हो ला हो पण करू नका. त्याची भीती खरी असते, कारण मात्र खरे नसते. म्हणून एवढेच म्हणायचे: "तुला भ्या वाटायलंय, मला कळतंय. मी तुझ्या ताटात जेवते, चल." आई त्याच्या ताटात जेवू लागली. काही दिवसांनी तो जेवू लागला.

आवाज चढवायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. दिलेला शब्द पाळायचा. दवाखान्यात न्यायचे असताना 'बाजाराला चल' म्हणून फसवायचे नाही, कारण एकदा फसवले की पुढच्या वेळी विश्वास संपतो. तो रागात असेल तर चौघांनी घेरायचे नाही, एकाने बोलायचे, अंतर ठेवून, दार मोकळे ठेवून. आणि टोमणे नकोत. 'बसून खातो', 'तुझ्यामुळं घर बुडालं' ही वाक्ये दगडासारखी लागतात. हे केवळ माणुसकीचे बोलणे नाही, त्यामागे अभ्यास आहे. लंडनमधील संशोधकांना आढळले होते की, ज्या घरात रुग्णाला सतत टोचून बोलतात किंवा त्याच्यावर फार पाळत ठेवतात, त्या घरात आजार जास्त वेळा उलटतो. १९८० च्या दशकात तोच अभ्यास चंडीगडला झाला तेव्हा आपल्याकडच्या कुटुंबांत टोचून बोलण्याचे प्रमाण लंडनपेक्षा कमी निघाले. म्हणजे आपले घर ही आपली दौलत आहे. ती वापरायची की उधळायची, हे आपल्या जिभेवर आहे.

घरच्यांना उपचारात घेण्याची वाट दाखवली ती आपल्याच देशातल्या डॉक्टरने. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात रुग्ण मावत नव्हते. तिथले प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना तिथेच राहायला बोलावले. आई-बाप सेवा शिकले, आजार समजून घेतला आणि रुग्णाला बरोबर घेऊन घरी गेले. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही हीच रीत उचलली. तंबूत जमले ते वाड्यात आणि वस्तीवर का जमू नये?

आणि शेवटचे, काम. बरा होत असलेल्या माणसाला 'तू बस, तुला जमायचं नाही' म्हणून बाजूला ठेवू नये. थोडे काम, ठरलेल्या वेळी, ठरलेले. आमच्या या तरुणाने आधी फक्त कोंबड्यांना दाणे टाकले. मग गुरांचे पाणी. आता हळद.

विचार थांबत नाहीत तेव्हा

आपल्या जिल्ह्यात मानसिक आजाराचे दुसरे तोंड फार भयंकर आहे. सोयाबीन पावसात सापडते, कापसाला भाव नसतो, सावकाराचा माणूस ओट्यावर येऊन बसतो. कर्जाचा प्रश्न गोळीने सुटत नाही, हे खरेच. त्यासाठी भाव, पाणी आणि पतपुरवठाच लागतो. पण कर्ज असलेले सगळेच खचत नाहीत आणि खचलेल्या माणसाला सुटायची वाट असूनही दिसत नाही. ती दिसेपर्यंत त्याला धरून ठेवणे हे मात्र आपल्या हातात असते.

माणूस गप्प झाला, 'माझ्यामागं लेकराबाळांना बघा' असे बोलू लागला, जिवापाडच्या वस्तू वाटू लागला, तर सरळ विचारावे: "दादा, जगू नये असं वाटायलंय का?" विचारल्याने त्याच्या डोक्यात नसलेला विचार येत नाही. उलट कोणीतरी विचारले म्हणून मन मोकळे होते. मग त्याला एकटे सोडू नये, दवाखान्यात न्यावे. आणि फवारणीचे औषध घरात, माजघरात, खाटेखाली ठेवू नये. कुलूपबंद ठेवावे, किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. तो जिवावर उठणारा क्षण बहुधा टळून जातो. त्या क्षणी विष हाताशी नसले तर माणूस वाचतो. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आणली आणि पुढच्या दहा वर्षांत तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले.

२०१५ साली राज्य शासनाने शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' हा समुपदेशनाचा कार्यक्रम विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत सुरू केला. त्यात हिंगोली होता. आशाताईंनी घरोघर जाऊन खचलेली माणसे हेरायची आणि दवाखान्याशी जोडायची, अशी ती रचना. हे काम होऊ शकते याचा पुरावा शेजारीच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच लोकांना शिकवून मदतीला लावले. आधी शंभर नैराश्यग्रस्तांपैकी जेमतेम चार जण मदत घेत होते, नंतर सत्तावीस घेऊ लागले. तिकडे आफ्रिकेत झिम्बाब्वेमध्ये डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक टाकून त्यावर शिकवून तयार केलेल्या आज्या बसवल्या. तिथल्या भाषेत या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात. अर्थ काय, तर फार विचार येणे. आपली आजी "इचार थांबत न्हाईत" म्हणते, तेच. आज्यांशी बोलून लोकांचे दुखणे हलके झाले, हे २०१६ साली शास्त्रशुद्ध चाचणीत सिद्ध झाले. पारावर बसणारी आजी आपल्याकडे काय कमी आहेत?

साखळीला कायद्याची मनाई

६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तामिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमाला आग लागली. आत ठेवलेले मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. पळता आले नाही. २८ जण जळून गेले. त्या घटनेने देश हादरला.

आता २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून अमलात आहे. मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला त्यात मनाई आहे. सरकारी दवाखान्यात उपचार मिळणे हा त्याचा हक्क आहे. रस्त्यावर बेवारस फिरणारा मनोरुग्ण दिसला तर त्याला संरक्षण देऊन उपचारापर्यंत नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे हा कायदा धरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यासाठीचे जुने शिक्षेचे कलमही राहिलेले नाही. म्हणून 'पोलीस केस होईल' या भीतीने घरच्यांनी लपवालपवी करू नये. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याप्रमाणे भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे हा गुन्हा आहे. देवाला नवस बोलायला कोणाची हरकत नाही. नागनाथाला जावे, नर्सीला नामदेवांच्या दर्शनाला जावे, मनाला धीर येतो. पण गोळी खिशात घेऊन जावे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही येतो. आजार दीर्घ असेल तर जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळते आणि अटीत बसल्यास संजय गांधी निराधार योजनेसारखा आधारही.

माउलीकडे कोण बघणार?

निघताना त्या आईला विचारले, मावशी, तुमची तब्येत कशी? ती हसली. "मला काय झालंय? मी मेले तर ह्याच्या रेघा कोन मारंल, एवढाच घोर हाय."

इतक्या सगळ्या गोष्टींत हाच प्रश्न सगळ्यात मोठा आहे. सेवा करणारीला रजा नाही. रोज रात्री जागणाऱ्या, लग्नाकार्याला न जाणाऱ्या, गावाचे बोल खाणाऱ्या या बायांची नोंद कोणत्याच रजिस्टरात नसते. सिस्टर म्हणाल्या, "आमची ड्यूटी आठ तासांची. हिची संपतच नाही. एका माणसाला दोन सेवेकरी हवेत." म्हणून आता घरातल्या धाकट्या लेकीला आणि चुलत्याला रेघा मारायचे शिकवले आहे. आठवड्यातून दोन रात्री आई निवांत झोपते.

वाचकहो, आपल्या गल्लीत असे एक घर असेलच. त्यांना पैसा देता आला नाही तरी एक संध्याकाळ देता येईल. त्यांच्या पोराला नावाने हाक मारता येईल. दवाखान्याच्या दिवशी आईबरोबर एसटीत बसता येईल. पहिली विचारपूस गावच्या आशाताईकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात करावी, पुढे जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग. रात्री-अपरात्री कोणाशी बोलायचे असेल तर केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते.

बैलाची ती साखळी अजून गोठ्यातच आहे. आता ती बैलाच्याच गळ्यात आहे.